गावात घर घेताय? आधी आकडा बघा

पुण्याचा फ्लॅट विकून गावाकडं घर बांधायचा तुमचा विचार आहे, असं कानावर आलं. उत्तम. त्याआधी तुम्ही सुरक्षिततेची चौकशी केलीत, हे तर फारच उत्तम. आमचं गाव वर्धा नदीच्या अलीकडं, अमरावती जिल्ह्यात. इथला गुन्ह्यांचा आकडा एवढा लहान आहे की तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं मान खाली घालावी. पण असा आकडा काही आपोआप लहान राहत नाही. त्यासाठी सगळ्या गावाला झटावं लागतं. आता तुम्हीही गावकरी होणार, म्हणून सांगून ठेवतो.

पहिलं म्हणजे, काही चोरीला गेलं की गुन्हा झाला, असं समजायची शहरी सवय सोडा. इकडं घरफोडीपेक्षा शेतातलंच जास्त जातं. विहिरीवरच्या मोटारीची केबल, स्प्रिंकलरचे नोझल, डीपीतलं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधलं ऑइल, दावणीचा बोकड. वरुड-मोर्शीकडं तर झाडावरचा संत्रा उतरवून नेतात, तोही बगिच्याचा सौदा झाल्यावर. केबल चोरणारा ती तिथंच पेटवतो, वरचं आवरण जळून जातं आणि तांबं भंगारात किलोवर विकलं जातं. सकाळी तुम्हाला धुऱ्यावर काळी राख दिसेल. ती बघून आरडाओरडा करू नका. मोटारीला लागणारी थ्री फेज वीज कोणत्या रात्री येणार आणि कोणत्या रात्री विहिरीवर कोणी नसणार, हे चोराला लाइनमनपेक्षा पक्कं ठाऊक असतं. म्हणजे माणूस ओळखीचाच. उद्या तुमच्या वास्तुपूजेच्या पंगतीत बुंदी वाढायला तोच येणार आहे.

तरीही ठाण्यात जायचंच म्हणत असाल तर जा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2013 साली सांगितलं आहे. ठाण्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून "घेत नाही" असं तुम्हाला कोणीही म्हणणार नाही. "ठाणेदार साहेब बंदोबस्तात हायेत, उद्या या ना भाऊ," एवढंच म्हणतील. पोळा, गणपती, दुर्गादेवी, मग निवडणूक. बंदोबस्त बाराही महिने असतो. तिसऱ्या खेपेपर्यंत सोयाबीन सोंगायला येतं आणि तुमचा राग आपोआप उतरतो.

मी मात्र चिवट निघालो. मागच्या हंगामात माझी केबल गेली, तेव्हा चौथ्या खेपेला ठाण्यात तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी कागद पुढं ओढला आणि किंमत विचारली. मी दुकानातल्या बिलाचा आकडा सांगितला. ते कळवळून म्हणाले, "नवी नोयती ना भाऊ? मंग घसारा धरा लागन." इन्कम टॅक्सवाल्यानं धरला नसेल इतका घसारा धरून माझी केबल चार हजार नऊशेवर आली. मला ती माणुसकी वाटली. घरी येऊन पोराला विचारलं तेव्हा उलगडा झाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. शंभर रुपयांच्या फरकानं गावाची अब्रू वाचली. चोर पहिल्यांदाच सापडला आणि त्यानं माल परत केला, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. तो सापडावा कसा, एवढंच कलमात लिहायचं राहिलं.

आकड्यांचं शास्त्रही थोडं समजून घ्या. देशभराचे गुन्हे मोजणारं खातं दिल्लीत आहे. ते गुन्ह्याचा दर काढतं तो लाख लोकांमागं, आणि मोजतं ते नोंदलेले गुन्हे. एकाच एफआयआरमध्ये पाच कलमं असतील तर त्यातलं सगळ्यात जड तेवढंच धरतं. आम्ही त्यात एवढीच सुधारणा केली की एकही धरायची वेळ येऊ देत नाही. 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हापासून गावाला ही सवय लागली. तंटा गावातच मिटवायचा. मार खाल्लेल्यानं समितीपुढं मारणाऱ्याच्या हातचा चहा घ्यायचा. बायको मारणाऱ्याला सगळ्यांनी समजावून सांगायचं, आणि बायकोला त्याहून जास्त समजावून सांगायचं. फाट्यावरच्या तंटामुक्तीच्या पाटीचा रंग उडालाय. खालचा पत्रा अजून कोणी नेलेला नाही, ही कमाल आहे.

घराची जागा नदीच्या याच काठावर घ्या. पलीकडं वर्धा जिल्हा, गांधीजींची कर्मभूमी, तिथं पन्नास वर्षांपासून दारूबंदी. आमच्याकडच्या परवान्याच्या दुकानातून बाटली घेतली तर तो महसूल. तीच पिशवीत घालून पूल ओलांडला की गुन्हा. पिणारे दोन्हीकडं सारखेच, पलीकडं जरा जास्तच महागाची पितात. पण आकडा त्यांचा बिघडतो. म्हणून म्हणतो, शांतता हवी असेल तर आमच्याच काठाला राहा.

कधीकधी मोठी चोरी होते आणि पेपरात येते. मग कोणाला तरी धरून आणणं भाग असतं. अशा वेळी गावानं डोकं शिणवू नये. माळावर पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती आहे. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांना 31 ऑगस्ट 1952 रोजी विमुक्त केलं. ही बातमी आमच्या चावडीपर्यंत अजून पोचायची आहे. बेड्यावरची दोन पोरं जीपमध्ये बसली की गाव निश्चिंत झोपतं. चारआठ दिवसांनी ती सुटून येतात, तोवर दुसऱ्या विहिरीवरची केबल गेलेली असते. ती पोरं आत असताना ती कोणी नेली, हे विचारायचं नसतं. नव्या माणसानं तर मुळीच नाही.

आणि रात्री घर सांभाळायला माणूस मिळेल, या भरवशावर राहू नका. सगळे बाप्ये जागलीला गेलेले असतात, मचाणावर बॅटऱ्या मारत आणि डबे बडवत. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एका रात्रीत तूर साफ करतात. पण त्यांची एक गोष्ट चांगली आहे. त्यांनी नासधूस केली की वनखात्याकडं अर्ज करता येतो, पंचनामा होतो, भरपाईची रक्कम ठरते. रोही कोणाचा नातेवाईक नसतो आणि कोणत्या पार्टीचाही नसतो.

परवा माझी केबल पुन्हा गेली. मी ठाण्याकडं निघालो, तर शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्यानं बांधावरूनच हाक मारली. "काहून जातं रे बावा तिकडं? वनखात्यात अर्ज दे. रोह्यानं केबल खाल्ली म्हणा. पंचनामा त होईन!"

अर्ज लिहून ठेवलाय. नुकसानीच्या रकान्यात घसारा धरायचा की नाही, तेवढं विचारायचं राहिलंय.