पहिला ऑक्सिजन झाडांनी नाही दिला, भाऊ

आमच्या गावच्या ग्रुपवर आठ दिवसांपासून एक मेसेज फिरून राहिला, की पृथ्वीवर पहिले झाडं आली, झाडांनी ऑक्सिजन सोडला आन ऑक्सिजन आल्याबरोबर प्राणी तयार झाले. झाडं लावा हे मलाही मनापासून पटते, पण शाळेतली पोरं हे भाषणात पाठ करून राहिली म्हणून लिहितो.

पहिले झाडांचं पाहू. मोठी झाडं आली ३९ कोटी वर्षांआधीच्या आसपास, आन समुद्रातल्या डिकिन्सोनिया नावाच्या प्राण्याचे ठसे जवळपास ५६ कोटी वर्षं जुने आहेत, म्हणजे प्राणी आधीचे. हवेत ऑक्सिजन टिकायला लागला तो तर २४० कोटी वर्षांआधी, तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती. मग सोडला कोणी? सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजिवांनी. आपण धानाच्या बांधीत नत्रासाठी निळं-हिरवं शेवाळ टाकतो ना, त्याचेच पूर्वज. सुरुवातीचा बराचसा ऑक्सिजन समुद्रात विरघळलेल्या लोखंडानंच ओढला, ते गंजून तळाशी बसत गेलं. गडचिरोलीकडचा लोहदगड एकदा हातात घेऊन पाहा, वजनाला भारी, एक पट्टा लोखंडाचा, त्याला लागून एक गारेचा, असे थरावर थर.

आता "आल्याबरोबर प्राणी" हे तर अजिबातच नाही. मधात १८० कोटी वर्षं गेली! तेव्हाच्या कितीतरी जिवांसाठी ऑक्सिजन विषच होता. तसे सूक्ष्मजीव आजही गोबरगॅसच्या टाकीत राहतात, आत हवा शिरली की त्यांचं काम बंद. पण एका पेशीनं ऑक्सिजन वापरणारा जिवाणू पोटात घेतला, न पचवता सांभाळला, तोच आपला मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतला ताकद तयार करणारा भाग. ग्लुकोजच्या एका रेणूतून ऑक्सिजनशिवाय २ एटीपी (पेशीला ताकद पुरवणारे रेणू) मिळतात, ऑक्सिजन असला तर ३० च्या आसपास, एवढी ताकद असल्याशिवाय मोठं, धावणारं शरीर पोसणं कठीण. तरी खोल समुद्रात ऑक्सिजन लय दिवस कमीच होता, तो पुन्हा वाढला ८० ते ५४ कोटी वर्षांआधीच्या काळात.

पण एकट्या ऑक्सिजननंच सगळं केलं असंही लिहू नका. २०१४ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी समुद्री स्पंज हा अगदी साधा प्राणी, आज हवेत जेवढा ऑक्सिजन आहे त्याच्या ४ टक्क्यांहून कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून पाहिला, तो जगला.