कोयनेच्या पाण्याखाली गाव आहे

आज सकाळी एकाने तापोळ्याच्या बोटिंगचं रील पाठवलं. वर लिहिलंय, ‘मिनी काश्मीर, माणसाचा हात न लागलेला निसर्ग’. डोकंच फिरलं. अहो, तो अख्खा शिवसागर जलाशय माणसाने कोयना नदीवर भिंत घालून अडवलाय! तळाशी जावळीच्या खोऱ्यातली गावं आहेत. त्यातलं एक माझ्या आजीचं.

एका मे महिन्यात पाणी खाली गेलं तेव्हा आजीला बामणोलीहून लाँचने नेलं होतं. चिखलातून ती कुणाला काही न विचारता तरातरा चालत गेली. एका जोत्यापाशी थांबली, पायाने गाळ सारला. ‘हितं उखळ हुतं.’ आणि होतंच. जमिनीत रोवलेलं, गाळाने काठोकाठ भरलेलं.

कोयना मुळातच हट्टी. महाबळेश्वरला उगम, पण पूर्वेला न वळता सह्याद्रीच्या कडेकडेने साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. मग हेळवाकला काटकोनात वळून कराडला कृष्णेला मिळते. काळा कातळ कापत हे खोरं तिनेच कोरलं. तिच्यावर आपण १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं. बंगालच्या उपसागराला निघालेलं पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजघरात उतरवून वाशिष्ठी नदीत सोडलं, म्हणजे अरबी समुद्राला. धरण भरलं आणि पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात कोयनानगर जमीनदोस्त झालं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतरही खोऱ्यात हादरे बसतच राहिले.

त्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने चालले, मान्य. माझ्या घरातला दिवाही त्यातलाच असेल. पण किंमत कुणी मोजली? भाताची खाचरं सोडून आजीचं घरदार सोलापूरकडच्या माळावर आलं. पावसात वाढलेली बाई टँकरच्या रांगेत उभी राहिली. कागद पुरे करायला आजोबा कचेरीचे उंबरे झिजवत राहिले, शेवटपर्यंत.

त्या दिवशी आजीने ओंजळीने उखळातला गाळ उपसला, पाणी आणून ते धुतलं. मी म्हटलं, ‘आजी, चल, लाँच सुटंल.’ म्हणाली, ‘थांब की जरा. माझ्या सासूचं हाय ते.’ मला पुढे बोलवेना.

जंगल वाचलं, अभयारण्य झालं, वाघांसाठी राखीव झालं, याचा मलाही आनंदच आहे. तापोळ्याला जा, बोटीत बसा, तिथल्या पोरांचं पोट त्यावर आहे. फक्त ते ‘हात न लागलेला’ काढून टाका. आणि जमिनीसाठी अजून झगडणारे धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या मांडून बसतील, तेव्हा तोही व्हिडिओ शेअर करा.