शिकागोच्या पोलिश बायकांची संस्था ‘महिला आघाडी’ नव्हती, भिशी तर नव्हतीच

पोलिश विमेन्स अलायन्स ही अमेरिकेत स्थायिक झालेल्या पोलिश बायकांनी स्वतः चालवलेली, सभासदांना मृत्युविमा देणारी संस्था. तिच्याबद्दल एक समज बिनधास्त पुढे ढकलला जातो. ती म्हणे पुरुषांच्या संघटनेची महिला आघाडी होती, चर्चच्या आश्रयाने भिशी आणि दानधर्म करायची, आणि घरात कमावता पुरुष असताना बायकांच्या विम्याला फारसा अर्थ नव्हता. यातला एकेक मुद्दा तपासू.

महिला आघाडी? आधी साल बघा. पोलिश नॅशनल अलायन्स ही पोलिश पुरुषांनी काढलेली मोठी संघटना १८८० मध्ये फिलाडेल्फियात निघाली. तिथं स्त्रियांना बरोबरीचं सभासदत्व मिळालं १९०० मध्ये. त्याआधीच, १८९८ मध्ये, स्तेफानिया ख्म्येलिन्स्का या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शिकागोत बायका जमवून गट काढला होता आणि १८९९ मध्ये असे गट एकत्र येऊन संस्था उभी राहिली होती. आघाडी मूळ संघटनेच्या ठरावाने निघते. हिला कुणाचा ठराव लागला नाही. आणि १९०० मध्ये दार उघडल्यावरही या बायका आत गेल्या नाहीत, हे जास्त महत्त्वाचं. स्थानिक गट, त्यांचे प्रतिनिधी, प्रतिनिधींचं अधिवेशन म्हणजे ‘सेयम’, आणि सेयमने निवडलेल्या अध्यक्षा नि खजिनदार, अशी त्यांची रचना होती. इलिनॉयमध्ये स्त्रियांना अध्यक्षीय निवडणुकीत मत मिळालं १९१३ मध्ये, देशभर १९२० मध्ये. इथं त्या आधीपासून मतं टाकत होत्या, तीही स्वतःच्या पैशावर.

भिशी हा सगळ्यात मोठा गैरसमज, म्हणून इथं जरा थांबू. भिशीत दर महिन्याला सारखी रक्कम जमते, एकेक जण उचलतो, फेरी संपली की हिशेब संपला. मृत्युविम्यात रक्कम कधी द्यावी लागेल ते कुणालाच ठाऊक नसतं आणि वचन वीस-तीस वर्षांचं असतं. त्या काळच्या अनेक परस्पर-साहाय्य संस्था सुरुवातीला सोपी पद्धत वापरत : सभासद वारला की उरलेल्यांकडून वर्गणी गोळा करायची. समजा ५०० सभासद आहेत आणि वारसाला ५०० डॉलर द्यायचे आहेत. म्हणजे एका मृत्यूला प्रत्येकी एक डॉलर. वर्षाला चार मृत्यू झाले तर चार डॉलर, झेपण्यासारखं. पण सभासदांचं वय वाढतं आणि मृत्यू दहावर जातात. वर्गणी दहा डॉलर झाली की तरुण बायका म्हणतात, नव्या संस्थेत स्वस्त पडतं. त्या निघून गेल्या आणि ३०० उरल्या, तर तेच दहा मृत्यू प्रत्येकीला सुमारे १६ डॉलर ६७ सेंटला पडतात. मग आणखी काही जातात. शेवटी म्हाताऱ्या सभासद आणि रिकामी पेटी उरते. कुणी एक पैसा खाल्लेला नसतानाही संस्था अशी बुडते.

यावर उपाय एकच : मृत्यूच्या तक्त्यावरून, म्हणजे कुठल्या वयात किती जण वारतात त्या आकड्यांवरून, प्रवेशाच्या वयानुसार हप्ता ठरवायचा आणि आजचा जास्तीचा पैसा राखीव निधीत ठेवायचा. विशीतली आणि पंचेचाळिशीतली बाई सारखा हप्ता भरू शकत नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण सभासदांना न्याय यातच आहे. १९१० नंतर अमेरिकेतल्या राज्यांचे कायदेही याच दिशेने कडक होत गेले. हे काम भिशीच्या वहीत मावत नाही.

विम्याचे दावे अडकत ते कागदांवर, आणि हे अशा सगळ्याच संस्थांत घडे. जन्माचा दाखला पोलंडमधल्या गावच्या चर्चमध्ये, आणि ते गाव तेव्हा रशिया, प्रशिया किंवा ऑस्ट्रियाच्या ताब्यात. त्यामुळे वय अंदाजाने लिहिलं जाई आणि पुढे ते कमी सांगितल्याचं निघालं की रक्कम घटे. नवऱ्याचं आडनाव ‘-स्की’, बायकोचं ‘-स्का’, म्हणून दोन कागदांवर दोन माणसं दिसत. पुनर्विवाहानंतर वारसाचं नाव बदलायचं राहून जाई. म्हणून गटाची सचिव नेटकी असणं फार मोलाचं : यादी अद्ययावत ठेवायची, वर्गणी मुदतीत मुख्यालयाला पाठवायची. तिच्याकडून उशीर झाला तर सभासदत्व खंडित होई.

आता तो कमावता पुरुष. शिकागोच्या पोलिश वस्त्यांत बायका शिवणकारखान्यात आणि कत्तलखान्यांच्या मांसप्रक्रियेत राबत. ज्या घरी असत त्यांतल्या कितीतरी जणी भाडेकरू ठेवून त्यांचं जेवणखाण, कपडे बघत. ती बाई गेली की भाडेकरू जातात, मुलं सांभाळायला माणूस ठेवावा लागतो आणि अंत्यविधीचं बिल लगेच समोर येतं. तिच्या कामाला पगारपत्रक नव्हतं म्हणून ते पैशात मोजता येत नव्हतं असं म्हणणं चूक आहे. विम्याने ते मोजलं.

चर्चचा आश्रय? सभासद बहुतेक कॅथलिक होत्या, हे खरं. पण चर्चकेंद्री संघटना वेगळी होती, १८७३ ची पोलिश रोमन कॅथलिक युनियन. विमेन्स अलायन्सचा कारभार तिच्या निवडलेल्या बायकांच्या हाती होता.

दानधर्म झाला, पण तेवढंच नाही झालं. १९०२ मध्ये त्यांनी ‘ग्वोस पोलेक’ हे पोलिश भाषेतलं पत्र काढलं. ते मध्ये बंद पडलं आणि १९१० पासून साप्ताहिक म्हणून पुन्हा निघालं. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता, तो १९१८ ला परत आला. मुलांना पोलिश शिकवणं हेही संस्थेचं काम होतं.

‘जगातली पहिली स्त्रियांची विमासंस्था’ हेही कौतुकाच्या भरात जोडलं जातं, तेही खरं नाही. स्लोव्हाक कॅथलिक बायकांनी क्लीव्हलँडमध्ये १८९२ मध्येच आपली संस्था काढली होती. पोलिश विमेन्स अलायन्स २०१७ मध्ये विलीन झाली, ती पोलिश पुरुषांनी काढलेल्या संघटनेत नव्हे, याच स्लोव्हाक बायकांच्या संस्थेत.