उजवा इंडिकेटर म्हणजे ‘जा’ नव्हे

ट्रकचालक भावांनो, दोन पदरी रस्त्यावर मागच्याला साइड देताना उजवा इंडिकेटर लावणं कृपा करून बंद करा. त्यामागचा चांगुलपणा कळतो. उंच केबिनमधून तुम्हाला पुढचा रस्ता दिसतो, मागच्या कारवाल्याला दिसतो तो फक्त तुमचा फाळका. म्हणून तुम्ही त्याला ‘जा’ म्हणता. पण तोच दिवा ‘मी उजवीकडे वळतोय’ असंही सांगतो. आणि काही चालक तर ‘थांब, समोरून गाडी येतेय’ म्हणूनही उजवाच लावतात. यातलं नेमकं काय, हे मागच्याने कसं ओळखायचं?

डाव्याचं तसं नाही. साइड देताय, डावीकडे वळताय की थांबताय, मागच्याने काहीही समजलं तरी तुमची गाडी डावीकडेच जाणार. म्हणून आधी गाडी डाव्या कडेला घ्या, मग डावा इंडिकेटर. दिवसा हातही चालतो. 1989 च्या रस्ता-नियमांत (2017 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) ही खूण दिलेली होती: उजवा हात आडवा बाहेर काढून मागेपुढे अर्धवर्तुळात झुलवायचा. उजवीकडे वळताना हात नुसता आडवा, स्थिर धरतात. हा फरक मागच्याला लांबूनही कळतो.

हॅझार्ड, म्हणजे दोन्ही इंडिकेटर एकदम, लावून तर साइड देऊच नका. डावा दिवा फुटलेला किंवा चिखलाने माखलेला असेल, तर मागून फक्त उजवा लुकलुकताना दिसतो. म्हणजे पुन्हा तोच घोळ.

आता कारवाल्यांसाठी. ट्रकवाल्याची खूण म्हणजे परवानगी नव्हे, जबाबदारी तुमचीच. हिशोब करून बघा. ट्रक 40 च्या वेगात, तुम्ही 60 वर. मागचं 20 मीटर अंतर, 12 मीटरचा ट्रक, तुमची 4 मीटरची कार आणि पुढे सोडायचे 20 मीटर, असे 56 मीटर तुम्हाला ट्रकपेक्षा जास्त कापायचेत. त्याला 10 सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 167 मीटर जाता आणि समोरचाही 60 वर असेल तर तोही तितकाच पुढे येतो. म्हणजे किमान 350 ते 400 मीटर रस्ता मोकळा हवा, आणि तो तुमच्या डोळ्यांना दिसायला हवा. कुंभार्ली, आंबोली, ताम्हिणीच्या वळणांवर एवढा सलग रस्ता क्वचितच दिसतो. तिथे मागेच राहा.

उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चालला असेल तर लांबी आणखी वाढते. शिवाय ऊस एवढा भरलेला असतो, की चालकाला मागचं दिसत नाही आणि शेताची वाट आली की तो सरळ उजवीकडे वळतो. त्याच्या शेजारी जाण्याआधी हॉर्न द्या, रात्री डिपरही द्या.

आणि ट्रकवाल्यांनो, कार शेजारी आली की वेग वाढवायचा नाही, हा तर नियमच आहे. उलट ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचला. 40 वरून 35 वर आलात तर कारवाल्याचे जवळपास दोन सेकंद वाचतात, आणि समोरून येणाऱ्या गाडीपासून त्याला सुमारे 65 मीटर जास्त मिळतात.