ग्रीन कार्ड लॉटरी आणि पासपोर्टवरचं जन्मस्थान

अमेरिकेची ग्रीन कार्ड लॉटरी, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवान्याची सोडत, कोल्हापुरात जन्मलेल्या माणसासाठी नाही. तुम्ही दुबईत असा, कुवेतमध्ये असा, तिथं वीस वर्षं काढलेली असोत, तरी नाही. एकदोन अपवाद आहेत, ते पुढं सांगतो. पण ज्या घरातलं कुणी आखातात आहे अशा जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात हे पहिलं वाक्य पोचलं पाहिजे, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब झाली आहे, तरी शेवटपर्यंत वाचा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

मी स्वतः आखातात नोकरी करतो आणि सध्या सुट्टीवर घरी आलोय. उचगावचा एक पोरगा भेटायला आला. आयटीआय केलेला, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर हात बसवलेला, आता यूएईतल्या शारजाच्या एका वर्कशॉपमध्ये मशीन लावून देणारा सेटर आहे. त्यानं फाइल उघडून माझ्यापुढं ठेवली. दर ऑक्टोबरला शहरातल्या एका एजंटकडे भरलेले पैसे, पावत्या, अमेरिकेचा झेंडा छापलेली पत्रं. म्हणाला, "दादा, माझ्या खोलीतल्या नेपाळी पोराचं लागलं की. दोघांनी एकाच वेळी फॉर्म भरलाय. मग माझंच का लागंना?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एजंटला माहीत नव्हतं असं मी मानणार नाही.

ही लॉटरी म्हणजे डायव्हर्सिटी व्हिसा, आपली माणसं डीव्ही म्हणतात ती. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातून ती आली आणि १९९५ च्या आर्थिक वर्षापासून नियमित सुरू झाली. कायद्यात वर्षाला ५५,००० व्हिसा आहेत, त्यातले काही दुसऱ्या कायद्यामुळे वजा होतात. उद्देश असा, की ज्या देशांतून अमेरिकेत कमी माणसं जाऊन स्थायिक झाली त्यांना संधी मिळावी. म्हणून मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून नातेवाईक आणि नोकरी या दोन मार्गांनी ५०,००० हून जास्त माणसं कायमची गेली, तो देश त्या वर्षी बाद. भारतातून ती संख्या केव्हाच ओलांडली जाते. पाकिस्तान आणि बांगलादेशही बाद. नेपाळ आणि श्रीलंका आत. त्या नेपाळी पोराला नशीब आजमावायचा हक्क होता. आपल्या पोराला तो नव्हताच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. देश धरला जातो तो जन्माचा. राहता कुठं, नागरिक कुठले, नोकरी कुठली, याला इथं किंमत नाही. एजंटचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. "तुम्ही यूएईचे रहिवासी आहात, यूएईच्या कोट्यातून भरू," असं ते सांगतात. एमिरेट्स आयडी, म्हणजे यूएईचं ओळखपत्र, खिशात असलेल्या माणसाला ते पटतं. पण पासपोर्टवर जन्मस्थान कोल्हापूर, म्हणजे या लॉटरीपुरता तुमचा देश भारत. विषय संपला.

याच नियमाची दुसरी बाजूही ऐका, कारण तीसुद्धा आपल्या घरांना लागू होते. आखातात बायकोपोरांसह राहिलेली आपल्याकडची कुटुंबं आहेत, त्यांची मुलं तिथल्या दवाखान्यांत जन्मली. शारजात जन्मलेल्या मुलीचे आईबाप दोघेही कागलचे असले, तिचा पासपोर्ट भारताचा असला, तरी लॉटरीपुरता तिचा देश यूएई, आणि तो देश आत आहे. बारावी झाली की, नोंदणी खुली असेल त्या वर्षी, ती स्वतःच्या नावानं फॉर्म भरू शकते, बाप नाही भरू शकत. तसंच एखाद्याची बायको कुवेतमध्ये जन्मलेली असेल, तर नवरा तिच्या जन्माच्या देशावर अर्ज करू शकतो. दोघांची नावं अर्जात हवीत आणि दोघांना व्हिसा मिळून अमेरिकेत प्रवेशही एकत्रच करावा लागतो. आईवडिलांच्या जन्माच्या देशावरचा एक अपवाद आहे, पण तो तुमच्या जन्मावेळी ते भारतात तात्पुरतेच आले असतील तरच, त्यामुळं आपल्याकडं तो जवळजवळ कुणालाच लागत नाही. हे अपवाद ज्यांना उपयोगी पडतील त्यांना कुणी एजंट सांगत नाही. त्यासाठी जन्माचा दाखला नीट वाचावा लागतो, आणि एजंटला तेवढा वेळ नसतो.

पोरं या नादाला का लागतात, हे मला कळतं. आखातात कितीही वर्षं काढा, राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. लांब मुदतीचा गोल्डन व्हिसा आहे, पण तो सेटर आणि वेल्डरसाठी नाही. तिथं म्हातारं होता येत नाही. अशा माणसाला कुणी सांगितलं की कायमचं राहायला मिळेल, बायकोमुलांना नेता येईल, तर तो ऐकणारच. त्या पोराची आई मला म्हणाली, "नंबर लागला की मलाबी न्हेतो म्हणालाय." या माऊलीच्या आशेवर कुणीतरी पैसे कमावतोय, याचा मला संताप आहे.

मूळ फॉर्मसाठी वर्षानुवर्षं एक पैसाही लागत नव्हता. २०२५ मध्ये शुल्क लावलं ते एक डॉलर. तो ऑनलाइन भरायचा, अमेरिकी सरकारच्या, पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही असलेल्या साइटवर. सबमिट केल्यावर कन्फर्मेशन नंबर येतो, आणि तो आला म्हणून आपण पात्र ठरलो असं होत नाही. साइट भरलेली माहिती घेते, खरंखोटं मुलाखतीत तपासलं जातं. तो नंबर फक्त स्वतःकडे ठेवायचा. कित्येक एजंट तो देतच नाहीत, आणि निकालाच्या वेळी त्याच्यासाठी वेगळे पैसे मागतात. निकाल त्याच सरकारी साइटवर, तो नंबर टाकूनच कळतो. निवड झाली असा ईमेल, फोन किंवा व्हॉट्सॲप अमेरिकी सरकार करत नाही. 'सिलेक्शन फी' मागणारं ते झेंडेवालं पत्र खोटं असतं. व्हिसाची खरी फी मुलाखतीला दूतावासात गेल्यावर भरायची असते.

या पोराला एजंटनं शेवटी काय सुचवलं तेही सांगतो. नेपाळमध्ये जन्मलेल्या मुलीशी कागदावर लग्न लावू, खर्च तुझा. लग्न खोटं आहे हे मुलाखतीत उघड झालं, तर अमेरिकेचं दार बहुधा जन्मभरासाठी बंद होतं. पुढं कधी कंपनीनं पाठवायचं म्हटलं तरी तो डाग निघत नाही. ही जोखीम पोराची. एजंटनं आपले पैसे आधीच घेतलेले असतात.

एजंटच्या भिंतीवर म्हणे सरकारी परवाना लावलाय. असेलही. भारताच्या १९८३ च्या उत्प्रवासन (एमिग्रेशन) कायद्याखाली मिळणारा परवाना परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरायचा असतो आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो खरा आहे का हे बघता येतं. अमेरिकेच्या लॉटरीशी त्याचा काही संबंध नाही.

इंजिनिअर झालेल्या मुलांच्या पालकांनी एच-वन-बीची, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसाची, लॉटरी यात मिसळू नये. ती वेगळी. वर्षाला ८५,००० जागा, मार्चमध्ये नोंदणी, आणि नोंदणी कंपनीच करते. स्वतःची नोंदणी स्वतःला करता येत नाही, मग एजंटनं करून देण्याचा प्रश्नच येत नाही.

भारतीयांसाठी खरोखर खुल्या असलेल्या सोडती आहेत. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम, १८ ते ३० वयोगट, पदवी हवी, खात्यात २,५३० पौंड हवेत, वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षं राहता येतं आणि सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. ऑस्ट्रेलियाची वर्क अँड हॉलिडे, म्हणजे काम करत देश फिरायच्या व्हिसाची सोडत, २०२४ पासून भारतीयांना खुली, वर्षाला १,००० जागा, नाव नोंदवायला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. दोन्ही ठरावीक मुदतीच्या आहेत, कायमच्या नाहीत. ब्रिटनचं पदवीशिवाय जमत नाही आणि ऑस्ट्रेलियाला नुसत्या आयटीआयवर भागत नाही, ही माझ्या मते मोठी खंत आहे. ज्याच्या हातात कसब आहे त्या पोराला यातलं काहीच मिळत नाही, म्हणून तर तो एजंटच्या दारात जाऊन बसतो.

त्या पोरानं पावत्या, मेसेज आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडून पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. एकट्याची तक्रार पैशाच्या देवघेवीचा वाद म्हणून बाजूला पडू शकते, दहा जणांची सहसा पडत नाही. गडहिंग्लज, कागल, इचलकरंजी, हातकणंगले, कुठूनही असा, ज्यांनी या लॉटरीसाठी कुणालाही पैसे दिलेत त्यांनी कागद काढून ठेवा. नुकतेच ऑनलाइन दिले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, त्यात उशीर नको. आणि लाजू नका, फसवणाऱ्यानं लाजायचं असतं. सुट्टी संपेपर्यंत मी पोलीस ठाण्यात सोबत यायला तयार आहे. कमेंटमध्ये नाव किंवा पासपोर्टचा फोटो टाकू नका, मला मेसेज करा.