खुलासा: जिवाणू निर्ढावतात, शरीर नाही

कोपरखैरणेतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अँटिबायोटिकची शरीराला सवय होते. ज्याने ती कधी घेतलीच नाहीत, त्याने घाबरू नये. लॅन्सेट सांगतं, यामुळे दरवर्षी ३.९ कोटी लोक मरणार.’

यातलं पहिलं वाक्यच चूक. औषधाला दाद देत नाहीत ते जिवाणू. आपलं शरीर नव्हे. औषधाच्या या प्रतिकाराची जनुकं बऱ्याचदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर असतात आणि एक जिवाणू ती दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊन टाकतो. एनडीएम-१ हे जनुक असंच पसरलं. ते असलं की कार्बापेनेमसारखी शेवटच्या फळीतली औषधंही निकामी ठरतात. असा जिवाणू घरात किंवा हॉस्पिटलात कुणालाही चिकटू शकतो. आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्यालासुद्धा.

आता आकडा. सप्टेंबर २०२४ मधल्या, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासातले ३.९ कोटी मृत्यू हा २०२५ ते २०५० या सगळ्या काळाचा मिळून अंदाज आहे. २०२१ मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे ११.४ लाख मृत्यू झाले. १९९० पासून पाच वर्षांखालच्या मुलांमधले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, सत्तरीपुढच्यांमध्ये मात्र ८० टक्क्यांहून जास्त वाढले. आजी-आजोबांच्या ग्रुपवर फिरवायचं तर हे फिरवा!

आणि हो, साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही; ती विषाणूंमुळे होते. गोळ्यांच्या पाकिटावर मागे उभी लाल रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय केमिस्टकडे मागू नका.