बेंबीतून रक्त आलं तर तेलाची बाटली बाजूला ठेवा

नागपुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय: ‘बेंबीतून रक्त येणं म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडणं किंवा नाभी सरकणं. बेंबीमागे ७२,००० नसा जुळलेल्या असतात. मोहरीचं तेल आणि हळद भरा, तीन दिवसांत आराम. तान्ह्या बाळालाही चालतं. दवाखान्यात पैसे घालवू नका.’ मी कितीतरी वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होते. तान्ह्या बाळाचं ते वाक्य वाचून मला झोप लागेना, म्हणून लिहिते आहे.

आधी त्या ७२,००० नसा. नाळेत रक्तवाहिन्या असतात तीन: दोन धमन्या आणि एक शीर. नाळ कापली की त्या आक्रसतात आणि पुढे त्यांच्या दोरीसारख्या पट्ट्या उरतात. मोठ्या माणसाच्या बेंबीतून तेल अंगभर जाईल अशी वाटच तिथे नसते. ७२,००० हा आकडा योगग्रंथांतल्या नाड्यांचा. त्या प्राणाच्या वाटा मानल्या आहेत, रक्ताच्या नव्हेत.

उष्णता रक्त होऊन निघत नाही, ती घामावाटे जाते. पण उन्हाळ्याचा संबंध आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घाम बेंबीच्या खळग्यात साचतो, त्यात मळ, मेलेली कातडी, कपड्याचे धागे. ओलसर, अंधाऱ्या जागेत बुरशी आणि जंतू वाढतात. खाज सुटते, नखाने खाजवलं की रक्त येतं, घाण वास येतो. वर्षानुवर्षांचा मळ साचून कधी काळा खडाही होतो आणि त्याखाली जखम होते. अशा वेळी हवा कोरडेपणा, आणि तेल तर ओल धरून ठेवतं. कोमट पाण्याने हलकेच धुवा, नीट टिपा, आणि बुरशीचं मलम लागेल की जंतूंवरचं औषध, हे डॉक्टरांना पाहून ठरवू द्या. खडा घरी टोकरून काढू नका. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहात हा त्रास पाठ सोडत नाही.

‘नाभी सरकली’ हे बायकांना जास्त ऐकवलं जातं. बेंबी जागची हलत नाही. मात्र एखादीला दर महिन्याला पाळीच्या दिवसांतच बेंबी दुखून तिथून रक्त येत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखं पेशीजाल बेंबीत वाढलेलं असू शकतं. हा एंडोमेट्रिओसिस. बेंबीतल्या अशा गाठीचं वर्णन विलार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८८६ मध्येच केलं होतं. सिझर किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर ती होते, कधी काहीच ऑपरेशन नसताना होते. सोनोग्राफी करून बहुतेक वेळा गाठ काढतात, काहींना हार्मोनच्या गोळ्या देतात. पोट चोळून ती जात नाही. लाजेपायी बायका हे सांगत नाहीत. तारखा लिहून ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

बेंबीत न दुखणारी टणक गाठ आली, तीही दाखवाच. क्वचित ती पोटातल्या कर्करोगाची खूण असते. हे प्रथम लक्षात आलं एका परिचारिकेच्या, अमेरिकेत डॉक्टर मेयोंसोबत काम करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ यांच्या. (आपल्या सेंट्रल अॅव्हेन्यूवरच्या मेयो दवाखान्याशी त्यांचा संबंध नाही.) ऑपरेशनआधी रुग्णाचं पोट स्वच्छ करताना त्यांनी बेंबी नीट पाहिली. यकृताच्या आजारात पोट फुगून बेंबीभोवती शिरा टरारलेल्या असतील आणि तिथून रक्त लागलं, तर मात्र दाबून धरा आणि लगेच निघा.

आता बाळ. नाळ साधारण एक ते तीन आठवड्यांत गळते. गळताना लंगोटाला रक्ताचे दोनचार थेंब लागले तर घाबरू नका. ती कोरडी, उघडी ठेवा, लंगोट तिच्या खाली दुमडा. हळद, तेल, राख, शेण काही लावू नका. त्यातून जंतू थेट आत जातात, धनुर्वातही होऊ शकतो. नाळ गळल्यावर लालसर ओला कोंब राहिला, तर डॉक्टर तो सिल्व्हर नायट्रेट लावून जाळतात. ते घरी करू नका, आजूबाजूची कातडी भाजते.

रक्त येतच राहिलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबा, मधेमधे उचलून पाहू नका. तरी थांबलं नाही तर दवाखाना. बेंबीभोवती लाली पसरली, पू आला, ताप आला, बाळ अंगावर पिईना, तरीही तेच. रात्र असली तरी नागपुरातले सरकारी दवाखाने आहेत: मेडिकल कॉलेज, मेयो, डागा, मिहानचं एम्स, जे जवळ असेल ते. गाडी नसेल तर १०८ फिरवा. बाळाच्या अंगात व्हिटॅमिन के कमी असतं, म्हणून जन्मल्यावर मांडीत त्याचं इंजेक्शन देतात, बहुतेक बाळांना १ मिलिग्रॅम. ते राहून गेलं तर बेंबीतून रक्त वाहू शकतं, पुढे मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. घरी बाळंतपण झालं असेल तर हे हमखास विचारा.

समोरच्या काकूंची लेक बाळंतपणाला आली आहे. काल त्या म्हणाल्या, “काहून गं, दोन थेंब तेल टाकलं तं काय होते?” मी त्यांच्याकडे दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड मागितलं. आम्ही दोघींनी मिळून ते वाचलं, इंजेक्शनची नोंद तिसऱ्या ओळीत सापडली. तेलाची वाटी काकूंनी स्वतःच उचलून स्वयंपाकघरात नेली.